अण्णाच्या गाडीतला लाल गालिचा

आमच्या अण्णाच्या गाडीत बसायचं म्हटलं की माणसं आधी चपला काढायची. सांगूनही ऐकायची नाहीत. गाडीचं बुटकं दार उघडलं, आत तो दाट लाल गालिचा दिसला, की हात आपोआप खाली जायचा आणि चपला रस्त्यावर राहायच्या. सुरुवातीला आम्हाला याची गंमत वाटायची. पुढे याच गोष्टीवरून घरात जी धुमश्चक्री माजली, तिची आठवण झाली की माझी मान आजही ताठ होते.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. आम्ही मूळ निपाणीचे. वडील तंबाखूच्या वखारीत हमाली करायचे आणि मी मराठी शाळेत असतानाच गेले. मग आईने विड्या वळून आम्हा दोघांना शिकवलं. अण्णा इंजिनिअर झाला, बेळगावात उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत लागला, आणि आम्हाला घेऊन पिरनवाडीला भाड्याच्या घरात आला. मीही बी.एड. करून हायस्कुलात शिकवायला लागले होते. ऐंशी सालाच्या मागचापुढचा हा काळ. विडी कामगाराची दोन्ही पोरं पगारी झाली होती, आणि याचा मला इतका ताठा होता की हजेरी घेतानासुद्धा तो आवाजात यायचा.

गाडी अण्णाला कॅम्पातल्या एका जुन्या बंगल्यात सापडली. कुणा लष्करी साहेबाने हौसेने आणलेली विलायती स्पोर्ट्स कार. दोनच माणसांची, मागे सामानाला एक फळी, डोक्यावर छप्पर नाही, पुढचं तोंड लांबलचक. साहेब गेला, गाडी शेडमध्ये पडून राहिली, आणि कोंबड्यांनी तिच्यात अंडी घातली. अण्णाने ती भंगाराच्या भावात उचलली आणि फाउंड्रीतल्या दोस्तांना हाताशी धरून रविवारचे रविवार खपून चालू केली. हिरवा रंग दिला. पहिल्यांदा इंजिन गुरगुरलं तेव्हा आख्खी गल्ली गोळा झाली. आई तेवढी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "एवढी बुटकी? हिच्यात बसायचं का निजायचं रं?"

सगळं झालं, पण गाडीच्या तळाला काय घालायचं हे काही केल्या ठरेना. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? आम्हीही तसंच म्हणत होतो. पण गाडी उघडी, म्हणजे वरून धूळ आणि पाणी येणार. खाली नुसता पत्रा, तो इंजिनच्या उष्णतेने तापणार. मध्ये गिअरबॉक्सचा उंचवटा, म्हणजे जे घालाल ते वळलं पाहिजे. आणि ब्रेक दाबताना पायाखाली सरकता कामा नये. अण्णाने आधी काथ्याची चटई घातली. तिने माझ्या पोटऱ्या सोलल्या आणि एकदा भिजली ती आठवडाभर कुबट वास मारत राहिली. मग रबर आणलं. उन्हात त्याचा असा दर्प सुटला की मळमळून यावं, शिवाय त्याच्याखाली ओल धरून नवा पत्रा गंजायला लागला. मग लिनोलियम. ते गुळगुळीत दिसलं खरं, पण उंचवट्यावर वाकवताना मोडलं, आणि अण्णाचा बूट त्यावरून घसरून गाडी शेजाऱ्याच्या कडब्यात शिरली.

शेवटी अण्णा बाजारातून गालिचा घेऊन आला. खरा लोकरीचा, डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल. वर्तमानपत्रांचे कागद तळाला दाबून त्याने माप घेतलं, आईच्या विडीच्या कात्रीला हात लावल्याबद्दल बोलणी खाल्ली, खाली नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, थर घातला आणि कडांना चामड्याची पट्टी शिवून घेतली. पॅडलपाशी वेगळा तुकडा, बटनं लावून घट्ट बसवलेला. गालिचा बसला आणि गाडी एकदम भारदस्त दिसायला लागली. अण्णा तिच्याभोवती फिरत होता आणि पुन्हापुन्हा आत हात घालून लोकरीवरून फिरवत होता. एवढा खुशीत मी त्याला निकालाच्या दिवशीही पाहिला नव्हता.

आणि मग चपलांचं सुरू झालं.

कळस केला तो बेळगुंदीच्या मामाने. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. अण्णासाठी एक मुलगी बघायची होती, मुलीचे वडील बेळगावात शाळेत मुख्याध्यापक. मामाला आणायला अण्णा बेळगुंदीला गेला आणि मामा नवं धोतर, कोट, डोक्याला पटका अशा थाटात गाडीत बसला. सारा गाव निरोप द्यायला उभा. मामाने सगळ्यांना हात केला. बेळगावात मुख्याध्यापकांच्या दारात उतरला तेव्हा लक्षात आलं, पाय अनवाणी! चपला बेळगुंदीच्या पारापाशी, जिथे काढल्या तिथेच.

आई आणि मी आधीच पोचलो होतो. मामा कोट सावरत अनवाणी आत आला. मुख्याध्यापकांच्या पत्नीने अदबीने विचारलं, "नवस वगैरे बोललाय का?" आता आम्ही बौद्ध, तेही बौद्ध. नवस कसला बोलणार? मामाने घसा खाकरला. "न्हाय वो, डाक्टरनं सांगितलंय, मातीला पाय लागू द्यात म्हणून." आईने पदराचा बोळा तोंडात कोंबला. पडद्याआडून मात्र एक हसू फुटलंच. ती मुलगी पुढे आमची वहिनी झाली. नवऱ्याच्या आधी मला मामांचे पाय पसंत पडले, असं ती अजून म्हणते.

त्या दिवसापासून मामा गाडीत बसताना चपला काढून मांडीवर घ्यायचा. घालायचा मात्र नाही.

आई तोवर गाडीत बसलीच नव्हती. आज गुडघा दुखतोय, उद्या बघू, अशी टोलवाटोलवी चालायची. पण एप्रिल जवळ आला. जयंतीला आमच्या निपाणीच्या वस्तीत दरवर्षी कार्यक्रम असतो. त्या वर्षी मंडळाने ठरवलं की शिकलेल्या पोरांचे सत्कार पुष्कळ झाले, आता शिकवणाऱ्या आयांचे करायचे. आईचं नाव पहिलं. अण्णाने तिथल्या तिथे जाहीर केलं, "आई, तुला गाडीतनं न्हेणार. तंबाखू पेठेतनं."

ही तंबाखू पेठ काय होती ते सांगायला हवं. वस्तीतून वखारीकडे जायची वाट त्या पेठेतून होती. दोन्ही बाजूंना व्यापाऱ्यांची घरं आणि ओटे. आईच्या आधीच्या, आमच्या वस्तीतल्या बायकांना तिथून पायात चपला घालून जायची बंदी होती. आईच्या वेळेपर्यंत कायदा आला होता, तोंडावर कोणी काही बोलत नव्हतं. तरीही कोपरा आला की आई वाकायची, चपला काढून पदराखाली धरायची आणि वखारीच्या फाटकापर्यंत तशीच जायची. उन्हाळ्यातसुद्धा. मी तिचं बोट धरून चालायचे आणि माझ्या पायात मात्र चप्पल असायची, कारण ती मला काढू द्यायची नाही. "तू घाल," एवढंच म्हणायची.

अण्णाच्या मनात कैक वर्षं एकच होतं. आईने त्या पेठेतून पायात चप्पल घालून, पाय खाली टेकवून, त्याच्या शेजारी बसून जायचं. गाडी त्याने हौसेने बांधली हे खरं, पण ही गोष्ट त्या हौसेच्या आत होती. त्याने ती मला एकटीला सांगितली होती.

म्हणून आधी सराव म्हणून एका संध्याकाळी आईला फेरी मारायला काढलं. आईने उंबऱ्याशी चपला काढल्या. गालिच्यावर तळहात फिरवला, "लई मऊ हाय की रं," म्हणाली, आणि सीटवर चक्क मांडी घालून बसली. पाय वर, लुगडं चापूनचोपून.

"आई, पाय खाली सोड."

"नगं बाबा. मळंल."

"मळू दे की!"

"तू चालव रं. मी बसलीया न्हवं?"

मी मागच्या फळीवर बसले होते, तिथून मला आरशात अण्णाचा उतरलेला चेहरा दिसत होता. घरी आल्यावर त्याने आईला उतरवलं आणि बटनं उपटून, ओढून, सगळा गालिचा बाहेर काढला आणि माळ्यावर भिरकावला.

"तुझं डोकं फिरलंय का?" मी म्हणाले.

"आपली माणसं हिच्यात कधीच चपला घालून बसणार न्हाईत. मग काय उपयोग असल्या गालिच्याचा?"

"मग बारदान टाक की," आई आतून म्हणाली. "जन्म बारदानावर बसून विड्या वळल्या. त्याच्यावर कोन चप्पल काढतंय?"

अण्णा असा भडकला की विचारू नका. "तुला बारदानावरनं उठवायला शिकलो मी! परत बारदान व्हय?"

"बारदानाला काय धाड भरलीया? त्याच्यावरच तुमची दोघांची फी निघाली."

त्या रात्री मला झोप लागेना. मी पडल्या पडल्या विचार करत होते. आता प्रश्न ऊन, पाणी, गंज यांचा राहिला नव्हता. असं काय घालावं की ज्यावर आईचे पाय आपणहून चपलेसकट टेकतील? मी शिक्षिका, मला प्रयोग सुचला. आमच्याकडे सगळे उरलेले तुकडे होतेच. दुसऱ्या दिवसापासून मी रोज एक तुकडा परसदारी, आईच्या जायच्यायायच्या वाटेत टाकू लागले आणि खिडकीतून बघू लागले.

काथ्यावर तिने चपला खसाखसा पुसल्या आणि पुढे गेली. रबरावरून तशीच गेली, पण नाक मुरडून. लिनोलियम दिसताच चप्पल काढली, बहुधा ते घरातल्या फरशीसारखं वाटलं. सतरंजी टाकली तर काढून, झटकून, घडी करून आत नेऊन ठेवली. बारदान टाकलं तर त्याच्यावर फतकल मारून बसली आणि तांदूळ निवडायला लागली. गालिच्याचा तुकडा टाकला त्या दिवशी मात्र ती थांबली. वळसा घालून गेली. परत आली, बघितलं, परत वळसा. आणि मग थेट खिडकीकडे बघून ओरडली, "बाहेर ये. तुज्या अण्णालाबी बलीव."

आम्ही दोघं परसात उभे राहिलो. आई पायरीवर बसलेली.

"काय करालाय तुमी? मला काय कोंबडी समजता व्हय, दाणं टाकून बघाय?"

मी खरं ते सांगून टाकलं. अण्णाने पेठेचंही सांगितलं. पुढ्यातला तो लाल तुकडा आईने उचलून मांडीवर घेतला.

"चार म्हैनं झालं, पायाखाली काय घालायचं त्येचा काथ्याकूट चाललाय ह्या घरात," ती म्हणाली. "पाय कुनाचा हाय? मला इचारलं का एकदा तरी?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. खरंच विचारलं नव्हतं.

"मळणार म्हणून मळकंच घालायचं, तर मग तुज्या बानं पोती वाहून आन् मी विड्या वळून मिळिवलं काय? ह्योच टाक. लालच. चांगल्यातलं चांगलं टाक. चपला काढायच्या का न्हाय ते मी बघती."

गालिचा माळ्यावरून खाली आला. अण्णाने तो इतक्या काळजीने पुन्हा बसवला की बटनं लावताना जीभ बाहेर आली होती. आणि आई मला घेऊन बाजारात गेली. चपलांच्या दुकानात माणसाने बायकांच्या नाजूक चपला पुढे मांडल्या. आईने त्या सरकवल्या आणि मागच्या फळीवरच्या जाड कोल्हापुरी मागितल्या. घालून दुकानात चार पावलं चालली. वाजल्या नाहीत. दुसरा जोड घातला. कर्र कर्र कर्र. दुकानदार म्हणाला, "आक्का, ह्या लई वाजतील बघा." आई म्हणाली, "मग? वाजाय नगोत व्हय?" तोच जोड घेतला.

जयंतीच्या सकाळी आई पांढरंशुभ्र लुगडं नेसून बाहेर आली. चपला पायातच होत्या. गाडीच्या दाराशी क्षणभर थबकली, मला तिची मान खाली जाताना दिसली. मग तिने दाराला धरून उजवं पाऊल चपलेसकट आत टाकलं. डावं टाकलं. बसली. पण टाचा वर उचललेल्या होत्या, चवडे फक्त टेकवलेले. संकेश्वर गेलं तरी तशाच. मी मागून बघत होते आणि तिचे पाय किती भरून येत असतील या विचाराने चरफडत होते. अण्णालाही दिसत होतं. तो समोर बघून गाडी हाकत राहिला.

निपाणी आली. उन्हात तंबाखूचा वास पसरला होता, लहानपणचाच. पेठेचा कोपरा दिसला आणि आई म्हणाली, "थांब रं."

अण्णाने ब्रेक दाबला. मला वाटलं, संपलं. आता ती वाकणार.

आईने दार उघडलं, सीटला धरून उभी राहिली आणि रस्त्यावर उतरली. चपला पायात होत्या. पदर सारखा केला, दोन्ही हात मोकळे सोडले. "तू मागनं ये," ती अण्णाला म्हणाली. "दमानं. घाई न्हाय."

आणि ती चालायला लागली. कर्र कर्र कर्र. रस्त्याच्या मधोमध. मागे आमची गाडी पहिल्या गिअरमध्ये हळूहळू गुरगुरत. एका वखारीचं फाटक उघडं होतं, आत निवडणीला बसलेल्या बाया उठून दाराशी आल्या. ओट्यावर एक म्हातारे दिवाणजी पेपर वाचत होते. त्यांनी आवाजाने मान वर केली, आईच्या पायांकडे बघितलं, मग चेहऱ्याकडे, आणि परत पेपरात डोकं घातलं. कोणी अडवलं नाही, कोणी हटकलं नाही. काही म्हणजे काही झालं नाही. आणि तरी अण्णाच्या गालावरून पाणी वाहत होतं, आणि तो पुसतही नव्हता, कारण दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. मला तर उभं राहून ओरडावंसं वाटत होतं, बघा, ही आमची आई.

पेठेच्या टोकाला आई थांबली, वळली आणि गाडीत येऊन बसली. चपला तंबाखूच्या खकाण्याने तपकिरी झाल्या होत्या. या वेळी तिने टाचा उचलल्या नाहीत. दोन्ही पाय गालिच्यावर सपाट टेकवले, आणि वर एकदा दाबलेसुद्धा.

"चल आता," ती म्हणाली.

वस्तीत सत्कार झाला, शाल आली, भाषणं झाली. ते काही मला फारसं आठवत नाही. आठवतं ते त्यानंतरचं. आईच्या बरोबरीने विड्या वळलेल्या म्हाताऱ्या गाडीभोवती जमल्या आणि प्रत्येकीला एक फेरी हवी होती. अण्णा चालवत होता आणि आई दाराशी कंडक्टरसारखी उभी. जी येईल ती आधी वाकायची. आई तिच्या दंडाला धरून सरळ करायची. "काढू नगं गं. ते पायासाठीच घातलंय." एक जण तरीही पाय वर घेऊन बसली, तर आईने तिच्या गुडघ्यावर हात ठेवून पाय खाली दाबला. "सोड. आपलंच हाय." शेवटी मामा आला, सवयीने चपला मांडीवर घेऊन. आईने नुसतं बघितलं. मामाने मुकाट्याने चपला पायात घातल्या.

संध्याकाळपर्यंत तो डाळिंबी गालिचा ओळखू येईना. वस्तीची माती, पेठेचा खकाणा, कुणाच्या टाचेचं शेण, सगळं त्यावर उमटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिरनवाडीत अण्णाने गालिचा काढून परसातल्या भिंतीवर टाकला. झाडू घेतला आणि तसाच उभा राहिला. ती पावलं झाडायला त्याचा हात उठेना, हे मला दिसत होतं. माझाही उठला नसता. एवढ्यात आई पायरीवर आली, करकरत.

"झाड की रं."

"ऱ्हाऊ दे आई. असाच ठेवू या."

"असाच ठेवून काय पूजा करालास? उद्या परत मळवायचा हाय न्हवं? झाड."

अण्णाने झाडू उगारला. असा खकाणा उठला की आम्ही तिघंही शिंकत सुटलो. आई शिंकता शिंकता हसत होती, आणि गालिचा स्वच्छ होईपर्यंत चपला घालून तिथेच उभी राहिली.